वाचन धो धो, लिखाणाच्या नावाने ठणठणगोपाळ. रोज लिहायची सवय लागते तरी कशी?

काउंटरवाला

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

माझं बार्शीत मेडिकलचं दुकान आहे. सकाळी नऊला शटर वर, रात्री साडेनऊला खाली, मधे दुपारी दोन-चार तास बंद. गिऱ्हाईक नसलं की वाचत बसतो, वाचनालयाचं कार्ड आहे, फोनवर पीडीएफ आहेत, इतिहास म्हणा विज्ञान म्हणा चरित्रं म्हणा काहीही चालतं. त्यात मधे स्वयम् पोर्टलवर (सरकारची ऑनलाइन कोर्सची साइट) एक कोर्स केला आणि तो नाद लागला, आता दुसरा चालू आहे. म्हणजे आत जाणारा माल भरपूर आहे, बाहेर काहीच येत नाही. मुलगी परवा विचारत होती की बाबा तुम्ही काय वाचताय एवढं, सांगा ना, तर मला दोन वाक्यांच्या पुढे धड सांगता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात बसलंय की रोज थोडं लिहायचं.

डायऱ्यांची कमी नाही, एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, डिसेंबरात ढिगाने आणून देतात. दर जानेवारीला एक सुरू होते, चार पानं छान जातात आणि मग तिच्यात लोकांची उधारी लिहायला लागतो. लिहायला बसलं की आधी वाटतं आज सांगण्यासारखं काय झालंय, स्ट्रिपा कापल्या आणि एक्सपायरीचा माल वेगळा काढला, ते काय लिहायचं. आणि वाचलेल्यावर लिहावं तर वाटतं ते पुस्तकात आहेच की, आपण परत कशाला. शिवाय जो अर्धा तास लिहिण्यात जाईल तो वाचनातूनच कापावा लागणार, ते जिवावर येतं.

तुमच्यापैकी कोणी नोकरीधंदा सांभाळून वाचन, शिकणं आणि लिहिणं असं तिन्ही चालवत असेल तर नेमकं कसं जमवता ते सांगा. मोटिव्हेशन नको, ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतं.

---

रातपाळी

दादा, शेवटच्या वाक्यासाठी आधी +१.

मी स्टाफ नर्स आहे, आयसीयू, तीन पाळ्या फिरत्या. त्यामुळे "रोज पहाटे पाचला उठून लिहा" टाइपचे सल्ले माझ्यासाठी बादच, पहाटे पाचला मी एकतर पेशंटचं सक्शन करत असते नाहीतर मेल्यासारखी झोपलेली असते. मला जे जमलं ते असं की घड्याळाला बांधायचंच नाही, रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधायचं. माझं हँडओव्हर. पुढच्या पाळीच्या सिस्टरला चार्ज दिला, हात धुतले, चेंजिंग रूममधे बाकावर बसले की बॅगेतली छोटी वही निघते, पाळी कुठलीही असो. तुमचं तर सोप्पं आहे, दुपारी शटर अर्धं ओढता ना, ते ओढलं की लिहायचं, जेवणाआधी. जेवल्यावर नाही, जेवल्यावर झोप येते हे लिहून ठेवा.

आणि एकवीस दिवसांत सवय लागते असं कोणी सांगेल तर हसून सोडून द्या. ते एकवीसचं लचांड १९६० च्या सुमाराचं आहे, मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की नवीन चेहऱ्याची वगैरे माणसाला सवय व्हायला कमीत कमी एकवीस दिवस जातात, पुढे लोकांनी त्यातलं "कमीत कमी" गाळलं आणि चेहराही गाळला. खरोखर मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे, फिलिपा लॅली आणि मंडळींनी. ९६ जणांनी आपापली एक साधी सवय निवडून बारा आठवडे केली, जेवताना पाणी पिणं, थोडं पळणं असलं काहीतरी. मधला आकडा ६६ दिवस आला, पण माणसामाणसात फरक १८ पासून २५४ पर्यंत (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज). आणि या तर पाणी पिण्यासारख्या गोष्टी, लिहिणं त्याहून किती अवघड. त्यामुळे दोन महिन्यांत अंगवळणी पडलं नाही म्हणून स्वतःला नावं ठेवू नका. त्यातच अजून एक निघालं जे मला फार आवडलं, एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. डायरी बंद पडते ती चुकलेल्या दिवसामुळे नाही, "आता चुकलंच आहे तर राहू दे" यामुळे. म्हणून तारखा छापलेली डायरी वापरूच नका, कोरी पानं दिसली की अपराधी वाटतं. साधी दोनशे पानी घ्या.

---

तिखटजाळ

आता कोणीतरी येऊन समर्थांचं "दिसामाजी काहीतरी ते लिहावे" टाकणारच आहे, म्हणून मीच टाकून मोकळा होतो.

बाकी माझं मत वेगळं आहे आणि ते आवडणार नाही. तुम्ही जास्त वाचताय. गिऱ्हाईक नाही की पुस्तक, पुस्तक नाही की पीडीएफ, पीडीएफ नाही की कोर्सचा व्हिडिओ, अहो मधे डोक्याला मोकळीक कुठे आहे? लिहायला सुचतं ते रिकाम्या डोक्यात. एक पुस्तक संपलं की दुसरं लगेच उघडायचं नाही एवढा एकच नियम करा, पहिल्यावर निदान पानभर लिहून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. वाचनातून वेळ कापावा लागतो म्हणता ना, तर कापा की. वर्षाला पन्नास पुस्तकं वाचून मुलीला दोन वाक्यं सांगता येत नसतील तर पंचवीस वाचा.

आणि कृपा करून ॲपच्या नादी लागू नका. आता कोणीतरी येऊन ऑब्सिडियन (नोट्सचं ॲप) आणि झेटेलकास्टन (चिठ्ठ्या एकमेकींना जोडत नोंदी ठेवायची पद्धत) सांगेल. त्या पद्धतीचा तो निकलस लुहमन, जर्मन समाजशास्त्रज्ञ, त्याने आयुष्यभरात नव्वद हजारांच्या आसपास चिठ्ठ्या लिहून लाकडी खणांत लावल्या आणि त्यातून ढिगाने पुस्तकं काढली, सगळं मान्य. पण तो प्रोफेसर होता, तेच त्याचं काम होतं. मी स्वतः असे लोक पाहिलेत की ज्यांच्या नोट्सच्या फोल्डरला रंग दिलेत, एकमेकांना जोडलेत, आणि आत एकही पूर्ण वाक्य नाही.

---

जुना_वाचक

तिखटजाळ, समर्थ घाईत उरकलेत तुम्ही. त्यांनीच दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अख्खा अक्षर कसं काढावं यावर खर्च केलाय, ओळी सरळ कशा ठेवाव्यात, कागद कसा, शाई कशी, आणि पोथीचं पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटचं दिसावं, एकाच टाकाने लिहिल्यासारखं. मला तर सातत्यावर इतकं नेमकं दुसरीकडे वाचलेलं आठवत नाही. असो.

काउंटरवाले, मी पोस्टातून रिटायर झालो आणि त्यानंतर आमच्या मुक्त विद्यापीठातून, म्हणजे नाशिकचं यशवंतराव चव्हाण, एमए मराठीला नाव घातलं. घरच्यांना वाटलं म्हातारा वेळ घालवतोय. पण तिथे स्वाध्याय लिहून द्यावे लागतात, आणि माझ्या लक्षात आलं की जन्मभर वाचत आलो पण लिहायला बसलो की डोक्यात नुसता धूर. वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं हो! पुस्तक मिटलं की कळतं काय उरलंय ते.

त्यातून जी पद्धत बसली ती सांगतो. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत ठेवायचं आणि जे आठवेल ते आपल्या भाषेत लिहायचं, दहा-बारा ओळी. न बघता. जिथे अडेल तिथे जागा कोरी सोडायची. मग पुस्तक उघडायचं आणि कोऱ्या जागा वेगळ्या शाईने भरायच्या. संपलं. यात लिखाणही झालं आणि अभ्यासही झाला, वेगळा वेळ काढायची गरज नाही, म्हणून तुमची ती वाचनातून वेळ कापण्याची भीती मला पटत नाही. उलट वाचलेलं टिकतं याने. माझ्या सुनेने मला दाखवलं की यावर २००६ साली अमेरिकेत रीतसर प्रयोग झालेत, रोडिगर आणि कार्पिके असे दोघे. विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते परत परत वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. पाच मिनिटांच्या त्या यशावरच आपण सगळे फसतो बघा, आत्ता तर येत होतं म्हणतो.

आणि नोकरी करून लिहिणारा माणूस हवा असेल तर अँथनी ट्रोलोप बघा, इंग्रज कादंबरीकार, पण पोटाला आमच्याच खात्यात, ब्रिटिश पोस्टात मोठा अधिकारी. ब्रिटनमधे रस्त्यावरच्या पत्रपेट्या आणण्यात त्याचा हात. रोज पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. आणि ऑफिसची वेळ झाली की उठायचं. चाळीसच्या वर कादंबऱ्या झाल्या अशा. तो वेग आपल्याच्याने होणार नाही, मला तर ते अडीचशेचं प्रकरण भीतिदायकच वाटतं, पण त्याची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिहिलेलं वाचायचा. कोऱ्या पानासमोर बसायचंच नाही, कालच्या वाक्यासमोर बसायचं. त्याला उठवून कॉफी देणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला तो वर्षाला पाच पौंड जादा देत असे आणि आपल्या यशाचं श्रेय त्यालाच जास्त आहे असं त्याने लिहून ठेवलंय. आमच्याकडे चहा मलाच करावा लागतो.

---

अनुस्वार

छान धागा. जुना_वाचक काकांच्या पद्धतीला माझी एक पुरवणी.

आठवून लिहिलं की माहिती पक्की होते पण भाषा सुधारतेच असं नाही, तेच ते "महत्त्वाचं योगदान" आणि "अत्यंत प्रेरणादायी" येत राहतं. त्यासाठी बेंजामिन फ्रँकलिनची युक्ती वापरून बघा. तो बोस्टनमधे भावाच्या छापखान्यात उमेदवारी करणारा पोरगा होता तेव्हाची. त्याला स्पेक्टेटर नावाच्या नियतकालिकाचा एक खंड मिळाला, त्यातले लेख आवडले. मग तो एक लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्यातल्या विचाराची दोन-चार शब्दांत टिपणं काढायचा, काही दिवस ती बाजूला ठेवायचा, आणि मग मूळ न बघता टिपणांवरून अख्खा लेख आपल्या शब्दांत परत लिहायचा. नंतर मूळ लेखाशेजारी ठेवून कुठे आपलं वाक्य लंगडं पडलंय ते बघायचा. कधी टिपणांचा क्रम मुद्दाम बिघडवून ठेवायचा आणि काही आठवड्यांनी तो लावून बघायचा, म्हणजे मांडणी शिकता येते. कधी करायचा हे? कामाच्या आधी, काम संपल्यावर रात्री, आणि रविवारी. म्हणजे तुमच्यासारखंच.

मी हे मराठीत करते. जुन्या दिवाळी अंकांतला एखादा चांगला लेख घेते, रद्दीवाल्याकडे वीस-तीस रुपयांत मिळतात. आठवड्यातून एकदाच, रोज नाही. पहिल्यांदा फार ओशाळायला होतं कारण आपलं वाक्य मूळ वाक्याच्या दुप्पट लांब निघतं आणि अर्धंच सांगतं.

दुसरं म्हणजे रोज काय लिहू हा प्रश्न असणाऱ्यांनी मराठी विकिपीडियावर काम करून बघावं, मी मनापासून सांगतेय. तिथे खातं काढलं की स्वतःची धूळपाटी मिळते, कच्चं लिहायला. तुम्ही औषधांवर, रोगांवर, शास्त्रज्ञांवर लिहू शकता, मराठीत ही पानं कितीतरी ठिकाणी चार ओळींची आहेत. तिथली शिस्त अशी की प्रत्येक विधानाला संदर्भ लागतो आणि विशेषणं चालत नाहीत. "थोर शास्त्रज्ञ" लिहिलं की कोणीतरी येऊन "थोर" उडवतं. मला सुरुवातीला राग यायचा, नंतर कळलं की त्यामुळे माझं बाकीचं लिखाणही सडपातळ झालं. आणि वाचनाला दिशा मिळते, एका परिच्छेदासाठी तीन पुस्तकं चाळावी लागतात.

---

तिखटजाळ

विकिपीडियाचं खरंय, पण तिथल्या चर्चापानांवर वाद घालण्यात जो वेळ जातो त्याला लिखाण म्हणायचं का ते ठरवा आधी 😄

---

नेकारकाठ

जर्मनीतून लिहितोय, स्टुटगार्टजवळ असतो. माझी अडचण जरा वेगळी, दिवसभर जर्मन आणि इंग्लिश, घरात मराठी पण ती "भाजी आण" पुरती, त्यामुळे मराठीत सलग विचार मांडायचा म्हटलं की शब्द सापडत नाहीत. मी लिहिण्याऐवजी बोलतो. ट्राममधून उतरून घरापर्यंत चालत येताना जीबोर्डचा (फोनवरचा गूगलचा कीबोर्ड) माइक लावून मराठीत डिक्टेट करतो, त्या दिवशी वाचलेलं किंवा ऐकलेलं. घरी येऊन ते दुरुस्त करतो. माइकला विरामचिन्हं कळत नाहीत आणि माझं "प्लेग" त्याने एकदा "प्लेट" केलं, पण लिहायला काय हा प्रश्न उरत नाही कारण समोर ओबडधोबड का होईना मजकूर असतो, नुसता छाटायचा असतो. काउंटरवाले, तुम्हाला गिऱ्हाइकांसमोर हे नाही जमणार पण रात्री घरी जाताना बघा.

एक मात्र सांगतो, मी हे कुठेही पोस्ट करत नाही. मधे करत होतो, तेव्हा लाइक बघण्यातच जीव अडकायचा.

---

रातपाळी

पोस्ट करण्याबद्दल माझं उलट मत. सगळ्या जगाला नको पण एक माणूस हवाच जो वाचणार आहे. दादा तुमच्याकडे तर मुलगी आहे, तिने विचारलंच आहे. तिला उद्देशून लिहा ना. म्हणजे "ते पुस्तकात आहेच की" हा प्रश्नच मिटला, कारण तिने ते पुस्तक वाचलेलं नाही. किती मोठी आहे?

---

काउंटरवाला

नववीत आहे. आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

सगळ्यांचे आभार, दोन-तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण म्हटलं आधी करून बघू मग बोलू. तिखटजाळ, तुमचं पंचवीस पुस्तकांचं झोंबलं पण बरोबर आहे, कोर्स संपेपर्यंत वाचनालयाचं एकच पुस्तक घरात ठेवणार. डायऱ्या सगळ्या उधारीला दिल्या. होलसेलरच्या बिलांचे पाठकोरे कागद आहेत भरपूर, ते क्लिपबोर्डला लावलेत. पाठकोऱ्यावर लिहिताना चांगलंच लिहिलं पाहिजे असं टेन्शन येत नाही. दुपारी शटर ओढलं की जेवणाआधी, रातपाळी ताईंनी सांगितलं तसं. पहिल्या दिवशी डबा गार झाला आणि बायकोचा फोन आला, पण ठीक.

काल काकांच्या पद्धतीने पुस्तक मिटून लिहिलं ते जसंच्या तसं टाकतोय. कोरी सोडलेली जागा नंतर पुस्तक उघडून भरली, ती दोन फुल्यांच्या मधे आहे.

"पिंकी, मुंबईत परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, ते ज्याच्या नावाचं आहे तो वाल्डेमार हाफकिन मूळचा ओडेसाचा. मुंबईत प्लेगची साथ आली १८९६ ला तेव्हा त्याला बोलावलं आणि त्याने थोड्या महिन्यांत लस तयार केली. जानेवारी १८९७ मधे ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर. पुढे पंजाबात मुल्कोवाल नावाच्या गावात १९०२ ला १९ माणसं लस घेतल्यावर धनुर्वाताने गेली. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. दोष हाफकिनवर आला, त्याचं काम गेलं. पण बाटली उघडताना चिमटा खाली पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला असं निघालं, म्हणजे लस चांगली होती, चूक गावात झाली. त्याच्या बाजूने रोनाल्ड रॉस वगैरे शास्त्रज्ञ उभे राहिले आणि त्याला निर्दोष ठरवायला ×१९०७× उजाडलं. आपल्या दुकानात मी इंजेक्शनची व्हायल फ्रीजमधून काढताना दर वेळी बॅच नंबर का बघतो असं तू विचारतेस ना."

इथेच थांबलं, गिऱ्हाईक शटर वाजवत होतं. आता प्रश्न दोन. एक, हे असं अर्धवट थांबलेलं उद्या पूर्ण करायचं की सोडून नवीन घ्यायचं? दुसरा, टाइप करायला फार वेळ लागतो, एका बोटाने करतो, त्यावर काही?

---

जुना_वाचक

अर्धवट मुद्दाम ठेवा. उद्या तेच शेवटचं वाक्य वाचून सुरू करायचं, ट्रोलोपसारखं. बॅच नंबरचं पुढे काय ते मलाही वाचायचंय.

---

अनुस्वार

मस्त झालंय हो. एकही "थोर" नाही! "त्याचं काम गेलं" इथे मात्र नेमकं काय झालं ते हवं, पदावरून दूर केलं की राजीनामा, ते बघून भरा, मुलगी विचारणारच.

टायपिंगसाठी, रोज जास्त लिहिणार असाल तर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी, शिका. पहिले पंधरा दिवस वैताग येतो पण डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं अशी सरळ मांडणी आहे आणि एकदा बोटांत बसली की इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी काढायची कसरत संपते. "ज्ञ" आणि "ॲ" कुठे आहे ते कागदावर लिहून काउंटरला चिकटवा.

---

तिखटजाळ

टाइप कशाला करताय? पाठकोऱ्या कागदावर झालंय ना लिहून. मुलीला कागद द्या.

---

काउंटरवाला

दिला. "पिंकी" खोडून खरं नाव लिहा म्हणाली, आणि चिमटा कोणाच्या हातून पडला ते विचारलंय. आज दुपारी तेच बघतो. इनस्क्रिप्टचा तक्ता प्रिंट करून आणलाय.